फायरवॉल आणि झेंडूचा हार

गडचिरोलीच्या त्या कॉलेजात फायरवॉल आली तेव्हा तिच्या स्वागताला बँड होता. बँड खरं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या एका वरातीसाठी आला होता. पण बँडवाले आदल्या दिवशीच येऊन बसस्थानकाजवळ थांबलेले संस्थेच्या अध्यक्षांना दिसले, आणि वाजवणारी माणसं रिकामी बसलेली त्यांना बघवत नसत.

हे दोन हजार सालानंतरचे दिवस. माझं चंद्रपुरात संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि या कॉलेजातले संगणक चालू ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. चालू ठेवणं म्हणजे मुख्यतः उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलणं आणि की-बोर्ड उलटा करून त्यातली फुटाण्यांची सालं झाडणं. अधूनमधून सकाळची एसटी पकडायचो आणि मूल आणि सावली ही गावं, मग वैनगंगेचा पूल असं करत गडचिरोलीला उतरायचो. वाटेत वाचायला एक जाडसं पुस्तक असायचं. ते पुस्तक मी कधी पूर्ण वाचलं नाही, पण एसटीत त्याचा उशीसारखा उपयोग होत असे.

अध्यक्ष बांबूच्या ठेक्यातून वर आलेले. जंगलातला बांबू डेपोपर्यंत आणि डेपोतला कारखान्यापर्यंत पोचवण्यात त्यांचं तारुण्य गेलं, मग त्यांनी शिक्षण हाती घेतलं. माणूस वाईट नव्हता. फक्त फीत कापल्याशिवाय कुठलीही गोष्ट सुरू झाली असं त्यांना वाटत नसे. पाण्याच्या टाकीपासून झेरॉक्सच्या खोलीपर्यंत कॉलेजात जागोजागी संगमरवरी पाट्या होत्या. मुतारीलाही होती. तिच्यावर मात्र एका माजी उपाध्यक्षांचं नाव होतं. त्यांच्याशी अध्यक्षांचं पुढे बिनसलं, तेव्हा पाटी काढा असं कुणी सुचवलं, तर अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या. तिथीच शोभून दिसते."

फायरवॉल येण्यामागे एक नटी होती. अध्यक्ष एकदा न सांगता संगणक कक्षात शिरले, तेव्हा एका पडद्यावर तिचा फोटो उतरत होता. त्या काळी फोटो वरून खाली हळूहळू उतरायचे. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. अध्यक्ष मुलांच्या मागे उभे राहून पाहत होते, आणि फोटो हनुवटीच्या खाली यायच्या आत त्यांनी मेन स्विच बंद केला. पुढच्याच बैठकीत ठराव झाला की संस्थेत यापुढे फक्त ज्ञान यावं.

हे काम अध्यक्षांच्या नागपूरच्या भाच्याकडे आलं. भाचा हुशार होता, टाय लावायचा, आणि साधं वाक्यसुद्धा "तांत्रिकदृष्ट्या" या शब्दाने सुरू करायचा. त्याने आणलेली पेटी, म्हणजेच फायरवॉल, साधारण व्हीसीआरएवढी होती आणि पुढच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकत होते. एवढी महाग वस्तू स्टोअररूममध्ये ठेवणं अध्यक्षांना पटेना. म्हणून खेळांच्या ढाली ठेवायचं काचेचं कपाट त्यांच्या दालनात हलवलं, ढाली काढल्या, पेटी आत ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली अध्यक्षांच्या जानव्याशेजारी गेली. आलेल्या पाहुण्याला ते चहाआधी कपाट दाखवत. "पाहा," म्हणत, "आतून बाहेर जाणारं एक एक अक्षर हे तपासून राह्यलं."

अक्षर तपासण्याचा नियम एकच होता आणि तो खुद्द अध्यक्षांनी सांगितला होता. कॉलेजातल्या कुठल्याही संगणकावरून, कुठल्याही प्रकारची वाहतूक, म्हणजे माहिती, बाहेर जाऊ शकेल, पण ज्या संकेतस्थळाकडे ती निघाली त्याचा पत्ता शिक्षण, शासन किंवा अध्यात्म या तीन वर्गांतला हवा. बाकी सगळं बंद. असे वर्ग पाडलेल्या पत्त्यांची मोठी यादी पेटीतच होती. भाच्याने नियम भरताना "कुठल्याही प्रकारची" यावर विशेष भर दिला होता, कारण मामांना काहीच सुटायला नको होतं. अध्यात्म कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या गरज नाही. पण तीनचा आकडा शुभ."

नियम लागू झाला आणि नटी गेली. तिच्यासोबत क्रिकेटचा स्कोअर गेला, गप्पांची संकेतस्थळं गेली. प्राचार्यांच्या संगणकावरचा मेलचा प्रोग्रामही गेला, पण प्राचार्यांनी तो कधी उघडलेलाच नसल्यामुळे त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. बाकी सगळे खूश होते. इंटरनेट चालू आहे की नाही हे पाहण्याची कॉलेजात एक ठरलेली पद्धत होती: संस्थेचं स्वतःचं संकेतस्थळ उघडायचं. पहिल्याच पानावर अध्यक्षांचा फेट्यातला फोटो होता. फोटो दिसला की इंटरनेट चालू. हे संकेतस्थळ कॉलेजातल्याच एका संगणकावर ठेवलेलं होतं, त्यामुळे बाहेरची लाइन तुटलेली असली तरी फोटो दिसायचाच. मी हे दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा सगळ्यांनी मान हलवली आणि परत फोटो उघडून पाहिला.

या सगळ्यात अडकल्या परीक्षा विभागातल्या बाई. मूळच्या सिंदेवाहीकडच्या, बी.कॉम. झालेल्या, कंत्राटावर. दरवर्षी दसऱ्यानंतर त्यांना नवी ऑर्डर मिळायची आणि ती मिळेपर्यंत त्या टेबलाच्या खणात स्वतःचा डबा सोडून काही ठेवत नसत. त्या वर्षी याच नोकरीच्या भरवशावर त्यांनी मुलीला गावाकडून आणून गडचिरोलीच्या शाळेत घातलं होतं.

त्याच वर्षीपासून विद्यापीठ अंतर्गत परीक्षेचे गुण लाइनवरून मागवू लागलं होतं. विद्यापीठाच्या माणसाने येऊन बाईंच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवला होता. तो त्याच संगणकावर चालायचा, दुसऱ्या कुठल्याही नाही. त्यात पान नव्हतं, चित्र नव्हतं, संकेतस्थळ नव्हतं. गुणांची फाइल निवडायची, "पाठवा" दाबायचं, पलीकडचा संगणक ती घ्यायचा आणि "मिळाली" असं कळवायचा. फायरवॉलच्या आधी मुलांच्या एका वर्गाची फाइल गेलीही होती. फायरवॉल बसल्यापासून एकही जात नव्हती. "पाठवा" दाबलं की प्रोग्राम बराच वेळ विचार करायचा आणि मग म्हणायचा, पलीकडून उत्तर नाही.

बाईंनी तक्रार केली. मग प्राचार्य येऊन त्यांच्या संगणकावर अध्यक्षांचा फोटो उघडून गेले. मग भाचा आला. त्याने विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडून दाखवलं. ते शिक्षणात मोडत असल्यामुळे झक्क उघडलं. "तांत्रिकदृष्ट्या," तो म्हणाला, "विद्यापीठ तर दिसतंय. प्रॉब्लेम वापरणाऱ्याचा आहे."

बाई म्हणाल्या, संगणकच उचलून बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत नेते आणि तिथून पाठवते. त्यावर असं ठरलं की संस्थेची मालमत्ता ठरावाशिवाय फाटकाबाहेर जाऊ शकत नाही आणि पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. गुण पाठवण्याची मुदत मात्र खंडेनवमीच्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. नंतर ज्यांचे गुण नाहीत ती सगळी मुलं अनुपस्थित.

अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. "नवमीपर्यंत गुण गेले तं ठीक," ते म्हणाले. "नाई तं दसऱ्यानंतर येऊ नका, बाई. काम येत नसन तं आमी तरी काय करावं?" त्यांच्या साडूची मुलगी तेव्हाच संगणकाचा कोर्स करून घरी बसलेली होती, ही गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही. ती कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होती.

बाईंनी मला दुकानात फोन केला. "भाऊ, तुमी या. इथी सगळेच माह्या संगणकात साहेबाचा फोटो पाहून राह्यले अन् मलेच मूर्खात काढून राह्यले."

मी पोचलो तो दिवस नेमका खंडेनवमीचा. आदल्या आठवड्यात मला ताप होता आणि आधी येणं जमलं नव्हतं. फाटकापासून झेंडूचा वास येत होता. अध्यक्षांच्या दालनात काचेच्या कपाटासमोर चौरंग मांडला होता. त्यावर त्यांच्या ठेकेदारीतला जुना कोयता, कुऱ्हाड, मोजपट्टी आणि यंदा नव्याने फायरवॉलची माहितीपुस्तिका. पेटी स्वतः कपाटातच होती, कारण तिच्या वायरी चौरंगापर्यंत पुरत नव्हत्या. तिला मात्र सगळ्यांत मोठा हार होता आणि हाराच्या आडून हिरवे दिवे लुकलुकत होते. अध्यक्ष भाषण करत होते. ते भाषण दरवर्षी तेच असे: बांबूच्या दिवसांत कोण्या एका मुकादमाने नवमीला पूजेतली कुऱ्हाड उचलून जंगलात नेली आणि ती त्याच्याच पायावर पडली. "म्हणून," ते म्हणाले, "हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा. आज ज्याची पूजा, त्याला काम नाही." शिपाई चाचा, म्हणजे कॉलेज सुरू झाल्यापासून ही पूजा मांडणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, मागे उभे राहून पुढचं वाक्य अध्यक्षांच्या आधी ओठांत म्हणत होते.

भाषण संपेपर्यंत मी बाईंच्या संगणकावर बसलो. विद्यापीठाचं पान उघडत होतं. प्रोग्राम पाठवत नव्हता. दालनात प्रसाद वाटायच्या गडबडीत मी पेटीच्या माहितीपुस्तिकेतली दोन पानंही वाचून घेतली, वरचं कुंकू झाडून. त्यात सरळच लिहिलं होतं. ते वाचायचं सोडून त्याची पूजा झाली होती, एवढंच.

फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेताना बाई आणि चाचा मला विचारत होते, नेमकं झालं काय.

"चाचा," मी म्हटलं, "जंगल खात्याचा नाका पाहिला आहे ना? सागवानाच्या ट्रकला थांबवतात, वाहतुकीचा पास बघतात, शिक्का बघतात आणि सोडतात."

"हो. मेरा साला था ना नाकेपे."

"आता समजा, तुमच्या साल्याला साहेबाने हुकूम दिला. नाक्यावरून काहीही येवो, त्याच्याकडे सागवानाचा बरोबर पास असेल तरच सोडायचं. बाकी कुणाला नाही."

"मग एसटीचं काय?"

"एसटीकडे सागवानाचा पास कुठून येणार?"

"म्हणजे उभीच?"

"उभीच. तिच्यात चोरीचं लाकूड आहे म्हणून नाही. तिच्यात लाकूडच नाही म्हणून."

बाईंनी कप खाली ठेवला. "अन् माही फाइल म्हणजे एसटी होय."

"तेच. ब्राउझरमधून जे जातं त्याच्यावर संकेतस्थळाचा पत्ता असतो. पेटी तो पत्ता वाचते, यादीत पाहते, शिक्षणातला आहे, सोडते. तुमच्या प्रोग्रामची वाहतूक संकेतस्थळाची नाहीच. तिच्यावर तसा पत्ता नसतो. पत्ता नाही म्हणजे वर्ग नाही, वर्ग नाही म्हणजे नियमात बसत नाही. आणि नियमात बसत नाही ते सगळं बंद."

"मंग ते भाचेसाहेब मले विद्यापीठाचं पान उघडून कायले दाखवत होते?"

"नाक्यावरून सागवानाचा ट्रक गेला हे दाखवत होते."

चाचा हसायला लागले ते त्यांना खोकला येईपर्यंत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टपरीतल्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते.

आम्ही अध्यक्षांकडे गेलो. मला वाटलं होतं, समजावून सांगायला वेळ लागेल. पण मी नाक्याचं अर्धं वाक्य बोललो आणि अध्यक्षांनी हात वर केला.

"मले नाका नका सांगू, भाऊ. माही जिंदगी नाक्यावर गेली." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भाषणाचा भाव नव्हता. "आमच्या वेळी तिकडे सिरोंचाच्या बाजूला एक नवा नाकेदार आला होता. असाच. हुकूम म्हणजे हुकूम. एक वरात बैलगाड्यांनी चालली होती तं म्हणे, पास दाखवा. अरे, नवरदेवाचा कायचा पास? तो म्हणे, पास नाई तं गाडी नाई. ऊन वर आलं, नवरदेव बाशिंगात घामाघूम. शेवटी नवरदेवाच्या मामाने डेपोतून जळाऊ लाकडाची एक मोळी घेतली, तिचा पास केला, मोळी नवरदेवाच्या मांडीवर ठेवली अन् गेली वरात! लगन लागेपर्यंत मोळी मांडीवरच, परतीत पुन्हा नाका होता ना!"

दालनातले सगळे हसले. मीही हसलो, कारण मला वाटलं काम झालं.

"मग साहेब," मी म्हटलं, "नियमात एवढंच करायचं आहे. बाईंच्या संगणकाला विद्यापीठाच्या त्या एका संगणकाकडे फाइल पाठवायची मोकळीक, पत्त्याचा वर्ग न विचारता. आणि वर्गांचा तो नियम फक्त संकेतस्थळांपुरता ठेवायचा."

अध्यक्षांनी भाच्याला फोन लावला, कारण पासवर्ड त्याच्याकडेच होता. भाचा सासरी गेलेला होता आणि मागे कुणीतरी पुऱ्या तळत असल्याचा आवाज येत होता. त्याचं म्हणणं फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. तांत्रिकदृष्ट्या पत्त्याचा फिल्टर सगळ्या वाहतुकीवर लावणं हीच सर्वांत कडक सुरक्षा आहे, पासवर्ड फोनवर सांगता येत नाही, आणि तो दसरा झाल्यावर येईल.

"ठीक आहे," मी म्हटलं, "पासवर्ड नको. पेटी थोडा वेळ बाजूला ठेवू. लाइन सरळ बाईंच्या संगणकाला जोडतो. फाइली गेल्या की परत जशीच्या तशी. तेवढ्या वेळात त्या संगणकावर दुसरं काही उघडायचं नाही, बस्स."

अध्यक्षांचा चेहरा पुन्हा भाषणाचा झाला. "आज नाई. पूजेत मांडलेल्या वस्तूले आज हात लावायचा नाई. सकाळीच सांगतलं ना मी सगळ्यांसमोर?" त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुमी आठ दिवस आधी सांगाले पाहिजे होतं, बाई."

बाईंनी आठ दिवस आधीच सांगितलं होतं, त्याच दालनात, त्याच कपाटासमोर. बाई कपाटाकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता रडतील. साडी नीट करून त्या एक पाऊल पुढे झाल्या.

"साहेब, सकाळी तुमी म्हटलं, आज हत्याराले विसावा."

"म्हटलं."

"ज्याची पूजा, त्याले काम नाई."

"बरोबर."

"मग हे पेटी कायले काम करून राह्यली?"

सगळ्यांनी कपाटाकडे पाहिलं. हाराच्या आड हिरवे दिवे लुकलुकत होते, इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्तच जोमाने, कारण संगणक कक्षात पोरं बसलेली होती.

"सकाळपासून माही फाइल अडवून राह्यली," बाई म्हणाल्या. "खंडेनवमीच्या दिवशी. हाराखाली बसून. तो मुकादम तं एक कुऱ्हाड घेऊन गेला होता, साहेब. हे तं तुमच्या डोयासमोर चालू हाये."

दालनात दोन-चार प्राध्यापक होते, त्यांनी प्रसादाच्या द्रोणात पाहायला सुरुवात केली. अध्यक्षांच्या डोक्यात काय चाललं असेल याचा मला अंदाज होता. वर्षानुवर्षं तेच भाषण करणाऱ्या माणसावर ते भाषण कुणीतरी ऐकलेलं असण्याची वेळ फारशी येत नाही.

"अन् तुमचा संगणक?" ते शेवटी म्हणाले. "तोही हत्यारच ना? मग आज तुमी तरी फाइल कशी पाठवान?"

मला वाटलं, संपलं. पण बाई तयार होत्या.

"माहा संगणक पूजेत कुठी हाये, साहेब? सकाळी मी चाचाले हार मागतला. चाचा म्हणे, बाई, हार मोजूनच आणले, बाबूलोकाच्या संगणकाले नाई. विचारा त्याईले."

सगळ्यांचं लक्ष चाचांकडे गेलं. चाचांनी छताकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे. "सही बात है, साहेब. आपणच सांगतलं होतं, फक्त मुख्य यंत्राले हार. बाकीच्याईची पूजा नाई."

अध्यक्ष उठले, फेटा सारखा केला आणि किल्ली काढली. माझं इतक्या वर्षांचं त्यांच्याविषयीचं मत असं की ते हरायला तयार असत, पण समारंभ करूनच. त्यांनी कपाट उघडलं, पेटीला नमस्कार केला आणि खास भाषणाच्या मराठीत म्हणाले, "परंपरेनुसार आजच्या दिवशी या यंत्रास विश्रांती देण्यात येत आहे." मग मागे हात घालून बटण शोधायला लागले. ते सापडेना. मी सांगितलं, उजवीकडे. दिवे विझले. एका प्राध्यापकांनी सवयीने टाळी वाजवली. संगणक कक्षातून पोरांचा एक सामूहिक आवाज आला, दिवे गेल्यावर येतो तसा.

पुढचं काम माझं होतं. टेलिफोनच्या लाइनचा डबा, म्हणजे मोडेम, पेटीपासून सोडवून मी हातात घेतला, वायरीची गुंडाळी चाचांनी घेतली आणि आम्ही व्हरांड्यातून परीक्षा विभागाकडे निघालो. मागून अध्यक्ष, त्यांच्या मागे प्राध्यापक. बँड तेवढा कमी होता. बाईंच्या टेबलाजवळ टेलिफोनचा सॉकेट होता हे एक नशीब. डबा जोडला, संगणकातली दोन-चार सेटिंग्ज बदलली आणि खुर्ची बाईंना दिली.

त्यांनी पहिली फाइल निवडली आणि "पाठवा" दाबलं. प्रोग्राम नेहमीप्रमाणे विचार करू लागला. अध्यक्ष वाकून पाहत होते. त्यांच्या मागे सगळे वाकले होते. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले होते, आणि मला कळलं की इतका वेळ त्या बोलत होत्या तेव्हासुद्धा त्यांना खात्री नव्हती की मी सांगतो ते खरंच आहे. खरं तर मलाही नव्हती. पुस्तिकेतली दोन पानं आणि एक नाका, एवढंच माझ्याकडे होतं.

मग निळी पट्टी सरकायला लागली. डावीकडून उजवीकडे, नटीच्या फोटोइतकीच सावकाश. टोकाला पोचली. "मिळाली."

"गेली?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेली," बाई म्हणाल्या आणि मागे न पाहता दुसरी निवडली.

कला, मग वाणिज्य, मग विज्ञान. शेवटचा वर्ग गेला तेव्हा पाच वाजायला थोडा वेळ होता. बाईंनी विद्यापीठात फोन लावला. पलीकडचा माणूस घाईत होता. "आल्या, आल्या, सगळ्या आल्या," तो म्हणाला. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" बाईंनी अध्यक्षांकडे एकदा पाहिलं. "नाक्यावर उभे होतो, सर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अध्यक्ष हसले. मनापासून हसले, आणि हसता हसता त्यांना बहुतेक आठवलं की दसऱ्यानंतर येऊ नका असं आपण कुणाला तरी सांगितलं आहे. ते म्हणाले, "तुमची ऑर्डर एकादशीले घेऊन जा, बाई." साडूच्या मुलीला पुढे वाचनालयात जागा झाली. तिथे एक संदर्भ विभाग काढण्यात आला. त्याचंही उद्घाटन झालं.

दसऱ्यानंतर भाचा आला. मी त्याला पुस्तिकेतली ती दोन पानं दाखवली. कुंकू अजून होतंच. त्याने ती नीट वाचली, आणि हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, वाद घातला नाही. आम्ही दोघांनी मिळून नियम दोन केले. वर एक, बाईंच्या संगणकाचा, विद्यापीठाच्या एकाच संगणकाकडे, फक्त फाइल पाठवण्यापुरता, पत्त्याचा वर्ग न विचारता. खाली दुसरा, फक्त संकेतस्थळांचा, तिन्ही वर्गांसह. अध्यात्म तसंच राहिलं. प्राचार्यांच्या मेलसाठीही एक नियम करावा का, असं त्याने विचारलं. आम्ही प्राचार्यांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "मेल बंद होती का?"

खंडेनवमीला पेटीला विसावा देण्याची पद्धत मात्र पडून गेली, कारण ती आता अध्यक्षांच्या भाषणात होती. पेटी बंद म्हणजे इंटरनेट बंद, अशी पोरांची समजूत होती. पण पुढच्या वर्षी भाच्याने पेटी वगळून लाइन उघडीच जोडून ठेवली आणि त्या दिवशी संगणक कक्षात उभं राहायला जागा नव्हती. नवमीला मुलांची उपस्थिती पाहून अध्यक्षांना भरून आलं. आजच्या पिढीत परंपरेची ओढ कमी झाली आहे असं म्हणणाऱ्यांना ते पुढे बरीच वर्षं हे उदाहरण देत असत.

त्या दिवशी मीही तिथे होतो. परीक्षा विभागात डोकावलो. बाईंच्या संगणकावर झेंडूचा हार होता, की-बोर्डवर हळद-कुंकू, माउसच्या शेपटीला आंब्याचं पान. टेबलाचा खण अर्धा उघडा होता आणि त्यात डब्याशेजारी चष्म्याची पेटी, मुलीचा फोटो आणि लोकरीचं विणकाम दिसत होतं. त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या होत्या.

"गुण?" मी विचारलं.

"कवाच गेले. मागच्या आठवड्यात." त्यांनी हाराकडे बोट दाखवलं. "आज याले विसावा हाये, भाऊ. अन् मले बी. बसा, चाचा चाय आणून राह्यले."